टिंबानंतरची जबाबदारी

‘सेंटमध्ये तर दिसतोय!’ कंपनीची ई-मेल व्यवस्था सांभाळणाऱ्याच्या कानावर हे वाक्य जितक्या वेळा पडतं, तितकं दुसरं कुठलंच पडत नाही. अकाउंट्समधल्या मॅडमनी काल संध्याकाळी इन्व्हॉइस पाठवलेलं असतं, पार्टी म्हणते मिळालंच नाही, आणि मॅडमना स्क्रीनवर ते व्यवस्थित गेलेलं दिसत असतं. ‘दादा, जरा बघता का?’ एवढं सांगून त्या फोन ठेवतात. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न एका ओळीचा आहे: मेल पोचला की नाही? त्याचं उत्तर शोधायला मात्र पाच-सहा यंत्रं, दोन-तीन देश आणि कधीकधी चाळीस वर्षांपूर्वीचे नियम धुंडाळावे लागतात.

त्या नियमांपासूनच सुरुवात करतो, कारण ते ठाऊक नसले की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते कुणालाही वाचता येईल अशा साध्या मजकुरात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये या बोलण्याची रीत लिहून काढली. तीच एसएमटीपी. पाठवणारा ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगतो. समोरून २५० हा आकडा येतो, म्हणजे ठीक आहे. मग पाठवणारा कोण ते सांगायचं, पुन्हा २५०. कुणासाठी ते सांगायचं, पुन्हा २५०. ‘डेटा’ म्हटलं की समोरचा ३५४ म्हणतो, म्हणजे आता मजकूर सांग. आणि मजकूर संपला हे कळवण्यासाठी एका ओळीवर फक्त एक टिंब द्यायचं. त्या टिंबानंतर समोरून जे २५० येतं, त्यात सगळ्या व्यवहाराचं मर्म आहे. त्या क्षणी पत्राचा ताबा बदलतो. आता ते पुढे पोचवायचं, नाहीतर का पोचलं नाही हे पाठवणाऱ्याला कळवायचं, ही जबाबदारी ताबा घेणाऱ्याची. ऑक्टोबर १९८९ च्या नियमावलीत हे आणखी कडक शब्दांत आलं: नंतर यंत्र बंद पडलं किंवा आधीच दिसत असलेली साधनांची टंचाई झाली, असल्या क्षुल्लक कारणांनी पत्र हरवता कामा नये.

इतक्या वर्षांत मी या विषयावरची पुष्कळ जाडजूड पुस्तकं वाचली, पण या कामाचा धर्म सांगणारं इतकं स्पष्ट विधान दुसरीकडे सापडलं नाही. मेल उशिरा पोचला तर चालेल. नाकारला गेला तरी चालेल. पण तो पोचलाही नाही आणि परतही आला नाही, असं होऊ द्यायचं नाही.

नकाराचीही ठरलेली भाषा आहे. उत्तराचा आकडा ४ पासून सुरू झाला तर अडचण तात्पुरती असते; पाठवणाऱ्यानं पत्र आपल्या क्यूमध्ये ठेवायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करायचा. नियमाप्रमाणे दोन प्रयत्नांत किमान अर्धा तास असावा, आणि हार मानायच्या आधी चार-पाच दिवस तरी चिकाटी दाखवावी. ५ पासून सुरू झाला तर नकार कायमचा. ५५० म्हणजे बहुतेक वेळा असा पत्ताच नाही, ५५२ म्हणजे मेलबॉक्स भरलाय किंवा पत्र मापाबाहेर मोठं आहे. असा नकार मिळाला की पाठवणाऱ्याचाच सर्व्हर त्याला एक पत्र लिहितो, ज्याला ऑफिसात सगळे ‘बाउन्स’ म्हणतात. या बाउन्सचा परतीचा पत्ता मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. तो भरलेला असता तर न पोचलेल्या बाउन्सचा बाउन्स, त्याचा पुन्हा बाउन्स, अशी कधीच न संपणारी साखळी सुरू झाली असती.

हे बाउन्स कुणी वाचत नाही, हे माझं या कामातलं सगळ्यात मोठं दुःख आहे. सुटे भाग बनवून परदेशी पाठवणाऱ्या भोसरीतल्या एका कारखान्यात एकदा तक्रार आली की जर्मनीतल्या काही गिऱ्हाइकांना मेल मिळत नाहीत. काहींना मिळतात, काहींना नाही. मालकांचा संशय समोरच्या पार्टीवर, कारण भारतातले सगळे मेल सुरळीत जात होते. डिस्पॅचच्या मुलाच्या डिलीटेड फोल्डरमध्ये मात्र बाउन्सची रांग लागलेली होती. इंग्रजी, आकड्यांनी भरलेला, ओळखीचं नाव नसलेला मेल. व्हायरस असेल म्हणून त्यानं प्रत्येक वेळी उडवून टाकला होता. आणि त्या प्रत्येकात, शेवटून तिसऱ्या-चौथ्या ओळीत, कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: ज्या आयपी पत्त्यावरून तुम्ही बोलताय, त्या पत्त्याला नाव नाही.

झालं होतं असं की कारखान्यानं इंटरनेटची लाइन बदलली होती. नवा आयपी आला, डोमेनच्या नोंदी बदलल्या गेल्या, बाहेरून येणारे मेल नव्या वाटेनं यायला लागले, सगळं झालं असं वाटलं. पण नावावरून आकडा सांगणारी नोंद वेगळी आणि आकड्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद वेगळी. पहिली कंपनीच्या हातात असते, दुसरी आयपी ज्याचा त्याच्या, म्हणजे लाइन देणाऱ्याच्या. ती करून घ्यायची कुणाला सुचलं नव्हतं. बरेच सर्व्हर तिच्याकडे काणाडोळा करतात. काही कडक सर्व्हर ती नसेल तर दारातूनच परत पाठवतात. म्हणून काहींना मेल मिळत होते आणि काहींना नाही. दुरुस्ती एका ओळीची होती. लाइन देणाऱ्याच्या माणसांना ती ओळ म्हणजे काय हे समजावण्यातच बराच वेळ गेला.

बाउन्स नसेल तेव्हा हेडर वाचायचे. प्रत्येक मेलच्या डोक्यावर, सहसा दडवलेला, त्याच्या प्रवासाचा तपशील असतो. वाटेतला प्रत्येक सर्व्हर ‘रिसीव्हड’ अशी एक ओळ वर चिकटवतो, म्हणून ती यादी खालून वर वाचायची. खालच्या ओळीत सकाळी ११:०२:१४, पुढे अधिक ०५३०, म्हणजे भारतीय वेळ. तिच्या वरच्या ओळीत दोन सेकंदांनंतरची वेळ. तिच्याही वरची ओळ अमेरिकेतल्या सर्व्हरची, वजा ०७०० लावलेली. ती आपल्या वेळेत आणली तर दुपारचे पावणेतीन. म्हणजे पावणेचार तास पत्र या दोहोंच्या मधे कुठेतरी बसून होतं. आता कुठल्या सर्व्हरचा लॉग उघडायचा ते कळलं. नवीन मुलांना मी आधी हेच शिकवायचो: वेळा एकाच घड्याळात आणा, मग वजाबाकी करा. सर्व्हरचं स्वतःचं घड्याळच चुकलेलं असलं तर पत्र पाठवण्याच्या आधीच पोचल्यासारखं दिसतं, तेही ध्यानात ठेवा.

लॉग वाचणाऱ्यांच्या जगात एक हकीकत आदरानं सांगितली जाते. ट्रे हॅरिस नावाचे सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची मेल व्यवस्था बघत होते. ही गोष्ट त्यांनी स्वतःच २००२ मध्ये सांगितली. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा त्यांना फोन आला, की आमचा मेल ५०० मैलांपलीकडे जात नाही. हॅरिसना हे अशक्य वाटलं. मेलला अंतर कळत नाही. पण प्रमुख म्हणाले की आम्ही आधी पुरेशी माहिती जमवली, मगच फोन केला. विभागातल्या एका भूसांख्यिकी तज्ज्ञ बाईंनी तर नकाशाही तयार केला होता. हॅरिसनी स्वतः करून पाहिलं. ४०० मैलांवरच्या प्रिन्स्टनला मेल गेला, ६०० मैलांवरच्या मेम्फिसला गेला नाही. ४२० मैलांवरच्या न्यूयॉर्कला गेला, ५८० मैलांवरच्या प्रॉव्हिडन्सला नाही.

कारण सापडलं ते असं. बाहेरून आलेल्या एका सल्लागारानं सर्व्हरची कार्यप्रणाली अद्ययावत केली होती, आणि त्या अद्ययावत करण्यात सेंडमेल हा मेलचा प्रोग्रॅम मात्र जुन्या आवृत्तीवर गेला होता. सेटिंगची फाइल नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली होती. त्यातले लांब नावांचे पर्याय जुन्या प्रोग्रॅमला कळेनात, म्हणून त्यानं ते सोडून दिले. दूरच्या सर्व्हरशी जोडणी व्हायची किती वेळ वाट पाहायची, ही किंमत त्यामुळे शून्य झाली. त्या यंत्रावर शून्य म्हणजे प्रत्यक्षात तीन मिलिसेकंदांहून जरासं जास्त. विद्यापीठाचं जाळं इतकं वेगवान होतं की वाटेतला विलंब जवळपास प्रकाशाच्या वेगानंच ठरत होता. तीन मिलिसेकंदांत प्रकाश सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे ५५८ मैल जातो. त्यापलीकडच्या सर्व्हरशी जोडणी व्हायच्या आत यंत्र हार मानत होतं.

यातली भौतिकशास्त्राची गंमत सगळ्यांना आवडते. मला त्या विभागप्रमुखांबद्दल जास्त आदर वाटतो. ‘मेल चालत नाही’ असं म्हणून ते थांबले नाहीत. कुठे जातो, कुठे नाही, कधीपासून, हे त्यांनी लिहून काढलं होतं. माझ्या अनुभवात असं तिकीट टाकणारा माणूस भेटला की अर्धं काम झालेलं असतं. आणि ज्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनं वेडगळ वाटणारी तक्रार हसण्यावारी न नेता तपासून पाहिली, त्याच्याबद्दलही तितकाच आदर.

आता आपल्याकडच्या मध्यम-मोठ्या कंपन्यांत ज्याच्याशी सर्वांत जास्त गाठ पडली, त्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजबद्दल. १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती बाजारात आली. तिला आकडा दिला होता ४.०. एक्स्चेंज आलेला प्रत्येक मेल आधी लॉग फाइलमध्ये लिहितो आणि मग मुख्य डेटाबेसमध्ये. २००७ च्या आवृत्तीपासून ही फाइल एक एमबीची असते. यंत्र मधेच बंद पडलं तर या लॉगवरून डेटाबेस पुन्हा सावरता येतो. बॅकअप यशस्वी झाला की जुने लॉग आपोआप निघून जातात. इथेच मेख आहे. बॅकअप होत नसेल तर लॉग साठत राहतात. शुक्रवारी रात्री टेप संपली किंवा बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड बदलला, कुणाच्या लक्षात आलं नाही. डिस्क भरत गेली, शेवटी जागा संपली, डेटाबेस स्वतःहून उतरला आणि सोमवारी सकाळी सगळी कंपनी बिनमेलची. ‘आधीच दिसत असलेली टंचाई’ ती हीच.

अशा वेळी साहेब पाठीशी उभे असतात, फोन खणखणत असतात, आणि कुणीतरी सुचवतं की या हजारो एक-एक एमबीच्या फायली उडवा, जागा होईल. हे करू नका. हे मी कळकळीनं सांगतो. डेटाबेसमध्ये अजून न उतरलेले मेल त्याच फायलींत असतात. त्या उडवल्या की डेटाबेस ‘डर्टी शटडाउन’मध्ये अडकतो आणि मग दुरुस्तीची जी आज्ञा उरते ती न जुळणारी पानं फेकून देऊन डेटाबेस उभा करते, त्या पानांत काय होतं ते कधीच कळत नाही. लॉग दुसऱ्या डिस्कवर हलवा, डिस्क वाढवा, बॅकअप घ्या. दोन तास जास्त लागले तर लागू द्यात. बाहेरून येणारी पत्रं तोवर पाठवणाऱ्यांच्या क्यूत थांबतील. चार-पाच दिवसांची चिकाटी आहे ती याचसाठी.

ती चिकाटी किती कामाची, हे १ जानेवारी २०२२ ला जगभर दिसलं. कंपन्यांनी स्वतःच्या जागेत ठेवलेल्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ च्या सर्व्हरवर नवं वर्ष लागताच मेल अडकले. मालवेअर तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनत होता: वर्ष, महिना, दिवस आणि पुढे चार अंक. त्या दिवशी तो झाला २२०१०१०००१. हा क्रमांक ज्या ३२ बिटांच्या कप्प्यात ठेवायचा, त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २१४७४८३६४७. २०२१ च्या शेवटच्या दिवसाचा क्रमांक २११ पासून सुरू होत होता, म्हणून बसत होता. २२ लागले आणि तपासणी कोसळली, तपासल्याशिवाय पत्र पुढे सोडायचं नाही म्हणून सगळी पत्रं क्यूत. अनेकांचा नववर्षाचा दिवस सर्व्हरसमोर गेला. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्तीची स्क्रिप्ट दिली आणि नव्या आवृत्तीला क्रमांक दिला २११२३३०००१. वाचून पाहा: ३३ डिसेंबर २०२१. कॅलेंडरात नसलेला तो दिवस वापरून कप्प्यातली उरलेली जागा भरायची, हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटला. तपासणी बंद पडली तरी पत्रं फेकली गेली नव्हती, क्यूत होती. स्क्रिप्ट चालल्यावर ती हळूहळू पुढे सरकली.

यंत्रांइतकाच भार माणसंही टाकतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये ‘बेडलम डीएल३’ नावाच्या यादीत सुमारे १३,००० कर्मचाऱ्यांचे पत्ते असल्याचं एकाला दिसलं. त्यानं ‘मला यातून काढा’ असं यादीलाच लिहिलं. शेकडो लोकांनी सगळ्यांना उत्तर दिलं, ‘मलाही’. कंपनीच्या एक्स्चेंज गटानं नंतर सांगितलेल्या हिशेबानुसार दीड कोटी संदेश आणि १९५ जीबी मजकूर त्या गदारोळात फिरला. एका पत्राला किती जणांचे पत्ते असावेत याला मर्यादा घालण्याची सोय त्यातूनच आली. तरी नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत आठ लाखांहून अधिक खात्यांवर एक चाचणीचा मेल गेला आणि तेच घडलं. म्हणून ‘ऑल स्टाफ’सारख्या यादीवर कोण लिहू शकतो, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. एचआरला ते जाचक वाटतं, वाटू द्यावं.

पोस्टेल यांच्या नियमांत एक गोष्ट नव्हती. पाठवणारा स्वतःचं नाव खरं सांगतोय का, हे कुणी विचारत नव्हतं. जाळं लहान होतं, माणसं ओळखीची होती. तरीही १९७८ मध्येच डीईसी कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना जाहिरातीचं पत्र पाठवलं होतं. पुढे तर कुठलाही सर्व्हर कुणाचंही पत्र विनातक्रार पुढे नेत असे, आणि त्या भलेपणावरच स्पॅमचा धंदा वाढला. मग एकेक कुलूप आलं. एसपीएफ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावानं कुठले सर्व्हर पत्र पाठवू शकतात त्यांची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची सही. डीमार्क म्हणजे यादी किंवा सही, काहीच जुळलं नाही तर काय करायचं त्याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येनं पत्रं पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात पगाराच्या स्लिपा एक बाहेरची कंपनी पाठवत असते, मार्केटिंगवाल्यांनी आणखी एकीकडे खातं उघडलेलं असतं, सर्व्हिसची तिकिटं तिसरीकडून जातात, सगळी कंपनीच्याच नावानं, आणि यातलं आयटीला कुणीच सांगितलेलं नसतं. स्लिपा स्पॅममध्ये पडायला लागल्या की शोध सुरू होतो. एकेक नाव एसपीएफच्या यादीत घालत गेलं की यादी तपासताना करायच्या दहा शोधांची मर्यादा ओलांडली जाते आणि अख्खी यादीच बाद ठरते. म्हणून बऱ्याच कंपन्या डीमार्कची नोंद ‘काहीच करू नका’ या पहिल्या पायरीवर लावून ठेवतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. दार लावलं, कडी घातलीच नाही.

खोट्या नावानं येणाऱ्या पत्रांची किंमत मोठी आहे. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासनं २०१३ ते २०१५ दरम्यान खोटी बिलं आणि मेल पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे हाच प्रकार छोट्या निर्यातदाराकडे येतो तो ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ या एका ओळीतून. डोमेनच्या नावात एमच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी बसवलेले असतात; घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

याहून वाईट म्हणजे चोर आतच असणं. पासवर्ड हाती लागला की तो काही पाठवत नाही, आधी नुसता वाचत बसतो. आणि मेलबॉक्समध्ये एक नियम घालतो: ज्या मेलमध्ये ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ हे शब्द आहेत, तो ‘आरएसएस फीड्स’ फोल्डरमध्ये टाक आणि वाचलेला म्हणून खूण कर. त्या फोल्डरमध्ये कुणी कधी जात नाही. खऱ्या गिऱ्हाइकाची ‘हे खातं कुणाचं?’ अशी विचारणा तिथे जाऊन पडते, आणि मधल्या मधे चोर उत्तर देतो. ‘मेल मिळत नाहीये’ अशी तक्रार एकाच माणसाची आणि एकाच पार्टीबद्दल असेल, तर सर्व्हर बघायच्या आधी मी त्याचे नियम उघडायचो. असं काही सापडलं तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे ते सहा तासांत कळवायचं असतं, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. लॉग ठेवणं हे खर्चाचं काम आहे असं म्हणणाऱ्या मालकांना माझं सांगणं एवढंच की पैसे गेल्यावर बँक आणि पोलीस पहिल्यांदा तेच मागतात.

या सगळ्या संरक्षणात मूळ वचनाला मात्र तडा गेला आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून चिंता वाटते. आता बहुतेक कंपन्यांची मेल व्यवस्था क्लाउडवर आहे. डिस्क भरायची भीती गेली, रात्रीचं जागरण गेलं, हे चांगलंच झालं. पण मोठे फिल्टर अनेकदा टिंबानंतर २५० म्हणतात, पत्राचा ताबा घेतात, आणि मग ते संशयास्पद ठरलं तर क्वारंटाइनमध्ये टाकतात किंवा गुपचूप नष्ट करतात. पाठवणाऱ्याच्या लॉगमध्ये ‘डिलिव्हर्ड’. घेणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये काही नाही. टेंडरची मुदत निघून जाते आणि दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवतात. २००८ ची एसएमटीपीची नियमावली सांगते की पत्र गंभीर फसवणुकीचं आहे अशी फार मोठी खात्री असेल तरच ते न कळवता टाकावं. संशय असेल तर दारातच, टिंबाचं उत्तर देताना, ५५० म्हणावं. खरा माणूस असेल तर त्याला बाउन्स मिळेल आणि तो फोन करील. चोर असेल तर त्याला काय मिळालं याची काळजी करायची गरज नाही. फिल्टरच्या सेटिंगमध्ये हा पर्याय बहुधा असतो. तो निवडावा, असं माझं ठाम मत आहे, आणि क्वारंटाइन ठेवायचंच असेल तर त्याची यादी रोज सकाळी एका माणसानं वाचावी.

आणखी एक पत्ता तपासून घ्यावा. १९८२ च्या नियमांपासून मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनला ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता ठेवणं बंधनकारक आहे. त्यापुढे डोमेनचं नाव लिहिलं नाही तरी सर्व्हरनं तो स्वीकारायचा असतो, म्हणजे बाकी सगळं बिघडलं तरी त्या ठिकाणच्या माणसाशी बोलता यावं. पुष्कळ कंपन्यांत हा पत्ता नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी बंद खात्याकडे वळवलेला असतो. परदेशातला एखादा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम येतोय हे सांगायला तिथेच लिहितो, आणि उत्तर आलं नाही की तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये टाकतो. आपल्या कंपनीच्या पोस्टमास्टरला बाहेरच्या खात्यावरून एक मेल टाका आणि तो कुणाच्या हातात पडतो ते शोधा. कुणाच्याच हातात पडत नसेल, तर आज संध्याकाळपर्यंत तिथे एका माणसाचं नाव लावा.